पॉलिशरजवळची पंधरा मिनिटं

मला मनातल्या मनात प्रार्थना करता येत नाही. येत नाही म्हणजे नाही. डोळे मिटून गप्प बसलो की दोन मिनिटांत डोक्यात बेअरिंग फिरायला लागतं, मग धानाचा ओलावा, मग गाडीचं पंक्चर, आणि देवबाप बिचारा तिकडं वाट पाहत बसतो. माझे वडीलही मोठ्यानंच प्रार्थना करायचे. आमच्या घराण्याची ती खोडच म्हणा. शब्द तोंडातून बाहेर पडला तरच माझं लक्ष त्याच्या मागं जातं. गप्प राहून प्रार्थना करायची एवढी एक गोष्ट मला जमली असती, तर ज्या माणसानं मला मशीन शिकवली त्याची एकुलती एक इच्छा माझ्या तोंडून मोडली नसती.

आम्ही शहराच्या काठावर मुर्रीत राहतो. दोन खोल्या, मधे पडदा, माणसं पाच. संध्याकाळी कुटुंबप्रार्थना होते, तिचं काही अडत नाही. सगळे बसतात, एक जण वाचतो, एक जण मागतो, बाकीचे आमेन म्हणतात. अडतं ते दुसऱ्या प्रार्थनेचं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब दर दोन-तीन महिन्यांनी घरी येतात आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतात, एकांतातली प्रार्थना रोज चालू आहे ना? दार लावून, एकट्यानं, देवाशी? आता बोला. आमच्या घरात कडी लागणारं दार एकच, आणि तिथं सकाळी रांग असते.

तरी मी पहाटे उठून पाहिलं. पडद्याच्या अलीकडं हळू आवाजात सुरू केलं, की पलीकडून आई म्हणायची, माझ्या गुडघ्याचंही सांग. एकदा मी देवाकडं सहनशीलता मागितली, तर सकाळी बायकोनं पोळी वाढता वाढता विचारलं की ती नेमकी कोणाच्या बाबतीत लागून राहिली. मग मी घराबाहेर पडलो. मुर्रीच्या मागं धानाच्या बांध्या आहेत, त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिलो. चार दिवसांत तीन माणसांनी विचारलं, प्लॉट पाहून राहिले का. आमच्याकडं शहराच्या काठाला वावरात एकटा उभा असलेला माणूस दुसऱ्या कशासाठी उभा असू शकतो हे कोणाला पटतच नाही. मी वैतागलो आणि तो नाद सोडला.

जागा सापडली ती जिथं कोणी शोधायला जाणार नाही तिथं. मी राईस मिलमध्ये मिस्त्री आहे. मिल आमगाव रोडला. धान सोलायची मशीन, चाळण्या, धान वर चढवणारे एलिव्हेटर आणि तांदळाला चमक आणणारे दोन पॉलिशर, हे सगळं एका लांब टिनाच्या शेडखाली एकाच वेळी चालतं. आत बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. आम्ही हातानंच बोलतो. मूठ म्हणजे थांबव, बोट वर म्हणजे लोड वाढव, तळवा उलटा केला की धान संपलं. चारचा चहा झाला की नवा लॉट लागतो आणि तो नीट लागला की पंधरा-वीस मिनिटं मला पॉलिशरजवळ नुसतं उभं राहून लक्ष ठेवायचं असतं. एक दिवस तिथं उभ्या उभ्या सहज तोंडातून निघालं, हे प्रभू. मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. मी जरा मोठ्यानं म्हणालो. मग अजून मोठ्यानं. आजूबाजूला सात-आठ माणसं होती, एकानंही मान वळवली नाही.

हात्तिच्या, म्हटलं, हा तर एकांत.

त्या दिवसापासून माझी प्रार्थना रोज चारनंतर पॉलिशरजवळ व्हायला लागली. डोळे उघडे ठेवून, एक हात लोडच्या दांड्यावर, आणि गळ्याच्या शिरा फुगवून. जे पडद्याआड कधी बोलता आलं नाही ते सगळं मी तिथं बोललो. आईच्या गुडघ्याचं बोललो, बायकोबद्दल बोललो, माझ्या रागाबद्दल बोललो. हमाल लोकांना माझं तोंड हलताना दिसायचं, त्यांना वाटायचं मिस्त्री तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. एक-दोघं तर हात पुढं करायचे. मी खर्रा खात नाही हे कोणी मानलंच नाही.

आता बडे मिस्त्रींचं सांगतो. मिलमध्ये त्यांना सगळे बडे मिस्त्री म्हणत आणि मला छोटे मिस्त्री, मी पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी. ते कामठ्याचे, पोवार, थोडीफार धानाची शेती, ती भाऊ पाहायचा. यांचा जीव मशिनीत. मी बाविसाव्या वर्षी मिलमध्ये लागलो तेव्हा त्यांनी मला पहिले सहा महिने कशालाच हात लावू दिला नाही, नुसतं ऐकायला लावलं. सोलायच्या मशीनचे रबराचे रोल किती घासले ते त्यांना आवाजावरून कळायचं. धानाचा दाणा दाताखाली फोडून ते सांगत की हा आज चालवू नका, उद्या चालवा. शिव्या भरपूर देत. पण माझ्या लग्नात चर्चमध्ये पहिल्या बाकावर येऊन बसले होते, आणि सगळे उठले की उठत, सगळे बसले की बसत.

मागच्या पावसाळ्यात त्यांचं पायरीवर अडखळणं सुरू झालं. मग नट उचलायला गेले की बोटं नटाच्या बाजूला पडायची. मी एक दिवस त्यांना चहाच्या टपरीमागं धरलं आणि सरळ विचारलं. त्यांनी आधी मला दोन शिव्या दिल्या आणि मग सांगितलं. नागपूरला दाखवून आले होते. मोतीबिंदू असता तर कापून मोकळं झालं असतं, हा काचबिंदू निघाला. गेलं ते गेलं, परत येत नाही. एका डोळ्यानं काहीच नाही, दुसऱ्यानं नळीतून पाहावं तेवढं.

"होळीपर्यंत चालवून घे गा," ते म्हणाले. "सिझन झाला का मी सोतः सेठले सांगतो. माह्या तोंडानं. कोनी मले काढलं असं नाई झालं पायजे."

इतकंच त्यांचं मागणं. छत्तीस वर्षं ज्या शेडमध्ये काढली तिथून कोणी बोट धरून बाहेर नेऊ नये, सेठला, म्हणजे मिलच्या मालकाला, आपल्या तोंडानं सांगून निघावं. मी हो म्हणालो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मला त्यांची दयाही आली नाही, अभिमान वाटला.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. दांड्यावर मी कानसीनं खाचा पाडून दिल्या, बोटांना लागतील अशा. ऑफिसपासून शेडपर्यंतच्या वाटेत पडलेलं सामान मी रोज सकाळी उचलायचो. ते चालताना भिंतीला उलटा हात लावून चालायचे, कोणी पाहिलं तर वाटावं की सहज लावला. आवाज, वास, दात आणि बोटं यांच्यावर त्या माणसानं दिवाळीनंतरचा अर्धा सिझन काढला आणि तांदूळ एका दिवसाचाही बिघडला नाही. पण एकदा त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा चालत्या पट्ट्याकडं ओढला जाताना मी पाहिला. मी तो ओढून फेकला. त्यांना काय झालं ते कळलंसुद्धा नाही, उलट दुपट्टा कायले फेकला म्हणून माझ्यावर ओरडले. मी घाबरलो.

त्या दिवसापासून चारनंतरच्या प्रार्थनेत बडे मिस्त्री पहिले यायला लागले. आता यात एक गोष्ट मी कबूल करतो. मी त्यांचे डोळे कधीच मागितले नाहीत. डॉक्टरनं परत येत नाही म्हटलेली गोष्ट मागायची आणि ती मिळाली नाही तर मग काय करायचं, हे मला झेपलं नसतं. म्हणून मी लहान मागायचो. त्यांना जपून ठेव म्हणायचो, आणि होळीपर्यंत सेठला कळू देऊ नकोस म्हणायचो. रोज, त्याच शब्दांत. देवाकडं मी लपवाछपवीत मदत मागून राहिलो होतो आणि मला तेव्हा ते चुकीचं वाटतही नव्हतं.

मेन पट्ट्याचा जोड रोज सकाळी पाहायचा, हे बडे मिस्त्रींचं काम. मोटरपासून सगळ्या मशिनींना तोच पट्टा फिरवतो, आणि जिथं त्याची दोन टोकं क्लिपांनी जोडलेली असतात तिथं तो फाटायला लागतो. ते आता पाहत नव्हते, बोटं फिरवत होते. त्या दिवशी सकाळीही बोटं फिरवली, हं म्हणाले, आणि मी मान हलवली. मी वाकून पाहू शकलो असतो. पण त्यांच्यानंतर मी पाहणं म्हणजे तुम्हाला दिसत नाही असं त्यांच्या तोंडावर म्हणणं. मी नाही पाहिलं.

चारचा चहा झाला, लॉट लागला, मी पॉलिशरजवळ उभा राहून बोलायला लागलो. लाईन गेली तर मशिनीचा आवाज हळूहळू उतरतो, ते मला माहीत होतं. आवाज उतरायला लागला की मीही गप्प व्हायचो. त्या दिवशी लाईन गेली नाही. पट्टा तुटला. फाटकन आवाज आला, पट्ट्याचं टोक पलीकडच्या भिंतीवर आदळलं, आणि पॉलिशरमध्ये पूर्ण लोड असल्यामुळं सगळ्या मशिनी दोन-तीन सेकंदांत जाम होऊन उभ्या राहिल्या. माझं तोंड मात्र चालूच राहिलं. त्या शांततेत माझाच आवाज टिनाला लागून परत आला:

"बडे मिस्त्रीले दिसत नाही हे होळीपर्यंत सेठले समजू देऊ नको, प्रभू."

आमेन म्हणायचं राहून गेलं. सेठ ऑफिस सोडून आत क्वचित येतात. त्या दिवशी ते एका व्यापाऱ्याला पॉलिश दाखवायला आले होते आणि पोत्यांच्या थप्पीजवळ तळहातावर तांदूळ घेऊन उभे होते. बडे मिस्त्री माझ्यापासून दहा हातांवर. हमाल जागच्या जागी. हवेतला कोंडा तेवढा खाली येत होता.

सेठनी मला काही विचारलं नाही. ते सरळ बडे मिस्त्रींसमोर गेले. तुटलेल्या पट्ट्याचं दुसरं टोक त्यांच्या पायांपुढं दोन हातांवर पडलं होतं. सेठनी हळू आवाजात विचारलं, "सामने क्या पड़ा है, मिस्त्री?"

बडे मिस्त्रींनी मान खाली घातली, वर केली, एका बाजूला फिरवली. त्या पट्ट्याला आता आवाज नव्हता आणि हात लावायला तो जवळ नव्हता.

सेठ त्यांच्यावर रागावले नाहीत हे सांगितलं पाहिजे. आता घरी जा म्हणाले, उद्यापासून वाटलं तर गेटजवळ येऊन बसत जा, मशीनकडं जायचं नाही. आवाज चढला तो माझ्यावर. कोणाच्या मानेत तो पट्टा बसला असता तर पोलिसांना कोण तोंड देणार होतं, असं विचारत होते, आणि बरोबर विचारत होते. शेवटी म्हणाले, "भगवान को रोज़ बोलते थे, मुझे एक दिन नहीं बोले."

बडे मिस्त्रींनी खुंटीवरचा दुपट्टा चाचपून घेतला आणि निघाले. इतके महिने चोरून धरलेली भिंत त्या दिवशी त्यांनी सरळ तळहातानं धरली. माझ्याजवळून जाताना थांबले. मला वाटलं आता शिवी येईल, आणि यावी असंही वाटलं. आली नाही. एका हमालानं त्यांना बाहेरच्या ऑटोत बसवलं. गेटजवळ बसायला ते कधी आले नाहीत.

मी प्रार्थना बंद केली. ठरवून नाही केली, पण दुसऱ्या दिवशी चारला नवीन पट्ट्यावर मशीन धडधडायला लागली तेव्हा माझे ओठ उघडेनात. आत काहीतरी आंबून गेलं होतं. त्याच्याजवळ गुपित ठेवायला दिलं आणि त्यानं भर शेडमध्ये माझ्याच तोंडून ते फोडलं, असा मला देवाचा राग आला होता. आणि त्याहून जास्त माझा आला होता. संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत माझी पाळी आली की मी घसा खराब आहे म्हणायचो. आई नुसती पाहायची. पाळकसाहेब आले, कप खाली ठेवला, विचारलं. मी म्हणालो, चालू आहे. एक हमाल मिलमध्ये म्हणाला, मिस्त्रीनं खर्रा सोडला वाटते. बाकीचे हसले, मीही हसलो.

होळी झाली. सिझन उतरला, मिल दोन दिवसांआड चालायला लागली. एका रिकाम्या दुपारी मी गाडी काढली आणि कामठ्याला गेलो. जायला तीन महिने लावले, याचं काही कारण सांगण्यासारखं नाही. तोंड नव्हतं म्हणून गेलो नाही.

ते अंगणात आंब्याच्या सावलीत बसून अंबाडीचा दोर वळत होते. घरचे सगळे वावरात लाखोळीचं पीक काढायला गेलेले. मी फाटक उघडलं तसे म्हणाले, कोंड्याचा वास येऊन राहिला, छोटे मिस्त्री का? मी हो म्हणालो. बस म्हणाले. मग मशिनीचं विचारलं. रोल बदलले का, दुसऱ्या पॉलिशरचं बेअरिंग अजून रडते का, नवीन पट्टा कोणत्या कंपनीचा. मी सांगत गेलो. तेवढीही नळी आता बंद झाली होती, ते तोंड माझ्या थोडं बाजूला करून ऐकत होते. दोर मात्र एकसारखा वळला जात होता.

बेअरिंगचं संपलं. मग मी म्हणालो की माझ्यामुळं झालं, मी एवढ्या मोठ्यानं बोलायला नको होतं. पुढं अजून काही बोलणार होतो, त्यांनी हातानं थांबवलं. मूठ. मिलमधली खूण.

"रोज म्हनत होता का?"

"रोज. दिवाळीपासून."

त्यांनी दोराला दोन पीळ दिले. मग म्हणाले की मशीन चालू असताना मोठ्यानं नाही बोलणार तर काय करणार. जोड पाहायचं काम माझं होतं, म्हणाले, माझ्या बोटाला तो फाटलेला लागला नाही. आणि नंतर:

"अना आता? म्हनतो का?"

"नाही. बंद केलं."

"काऊन?"

तीन महिने जे कारण मला पुरलं होतं ते त्यांच्या अंगणात तोंडातून निघेना.

"माहे डोरे परत आले का," ते म्हणाले, "बंद करायले?"

त्यांनी दोर बाजूला ठेवला. सावली कुठवर आली ते विचारलं. मी सांगितलं, पायरीपर्यंत. मग चार वाजले असं म्हणून ते उठले. मी हात धरायला गेलो तर झटकला. भिंत धरून पायऱ्या चढले आणि दारात थांबून म्हणाले की तुझं एकट्यानं असते ना, कर, मी आत जातो. त्यांनी दार लोटलं आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

अंगणात मी एकटा उरलो. कुठं मशीन नव्हती, पडदा नव्हता, वाऱ्यावर आंब्याची पानं तेवढी वाजत होती. दाराच्या फटीतून माझा शब्द अन् शब्द आत जाणार हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत होतं. मी घसा साफ केला, मोठ्यानं सुरुवात केली आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे मागितले.